रोडग्याच्या धुरातलं स्पॅनिश

देवाशप्पथ सांगतो राजेहो, याच्यात एक शब्द खोटा नाही! ...म्हनजे एखादा असन, पन तो तुमाले सापडनार नाही. तं काय सांगत होतो... धूर! अरे, परीक्षेच्या दिवशी कोनी आंगनात गोवऱ्या पेटवते काय? पन आमची बायको कौशल्या! पुतणी आचल स्पॅनिश शिकली, मोबाईलवर तोंडी परीक्षा, पास झाली तं पुन्याले नोकरी, नाही तं चांदूर बाजारात तेच झेरॉक्सचं दुकान... अन् ही नवस बोलली रोडग्यायचा, गोवऱ्यायवर भाजलेल्या कनकेच्या गोळ्यायचा! बरं, पास झाल्यावर फेडावा ना? "आधीच जेवू घालतो, मंग देव नाही म्हनते कसा?" घ्या! अन् रेंज फक्त आंगनात!

मोबाईलमंधली मॅडम म्हने, "मागे लोक दिसतायत. कोण काय करतंय ते नको, कसं करतंय ते सांग." गेली पोट्टी! आमच्या घरी कोनी काही धड करते काय?

पोट्टीनं मांगं पाह्यलं. कौशल्या कांदे चिरून राह्यली, डोये गळून राह्यले. आचल म्हने, मोठी आई चिरते... योरांदो! रडत रडत! बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधावं तसा चिरन्याले एकच शब्द बांधला, अन् सारी बाई डोयापुढं उभी! आंगावर काटा आला राजेहो! शेजारचे नत्थुजी गोवऱ्या फुंकतात... तोसिएंदो! खोकत खोकत! तितक्यात कौशल्या रोडगा घेऊन मोबाईलसमोर, "मॅडमले म्हन वं, उपाशी नोका जाऊ!"

"मोठी आई, परीक्षा चालू आहे वं!"

"असू दे, गरम आहे तवरोक खाऊ दे!"

अन् पोट्टी अडली काय? मोठी आई रोडगा देते... इन्सिस्तिएंदो! आग्रह करकरून! म्हनजे सांगा, आमचा वऱ्हाडी आग्रह त्या स्पेनवाल्यायपाशी तयारच होता! आंगावर काटा आला राजेहो!

शेवटी मॅडम म्हने, "आणि ते कोपऱ्यातले गृहस्थ?" म्हनजे मी! मी घाम पुसत, गानं म्हनत रोडगे पलटवून राह्यलो... आचल म्हने, कांतांदो! गात गात! मॅडम खुश, पोट्टी पास!

...हं. आता ते रोडगे पलटवनं अन् गानं... ते माह्यं, पदरचं. बाकीचं कौशल्यानं सांगतलं तसंच आहे. काटा बी मंगच आला, उठल्यावर. मी बाजेवर होतो. आचल म्हने, मोठेबाबा मदत करतात... रोंकांदो. घोरत घोरत.

सर्वात जास्त मार्क त्याच उत्तराले भेटले, बाप्पा!