पहिला हशा

— आत्ता नाही हो जाता येणार आत, साहेब, दुपारचा प्रयोग चालू आहे. दार उघडलंत तर उजेडाची पट्टी थेट रंगमंचावर पडते. मध्यंतर होईपर्यंत बसा इथे बाकावर. बसा, बसा, बाकही जुनाच आहे, त्याचा फोटो काढलात तरी चालेल. ती पाटी वाचलीत ना? मला वाचता येत नाही, शाळेचं आणि आपलं कधी जमलं नाही — पण येणारा जाणारा ती मोठ्यानं वाचून बायकोला ऐकवतो, त्यामुळे पाठ झालीय. ‘या वास्तूच्या भिंतींनी’ अमुक आणि या वास्तूच्या भिंतींनी तमुक. भिंतींनी काय केलं हो? उभ्या राहिल्या. शेजारच्या गोदामाच्या भिंतीही उभ्याच आहेत, त्यांचा कुणी सत्कार करत नाही.

आणि काय बघणार? छत? सगळे छतच बघतात. माना वर, तोंडं उघडी. मग खुर्च्या — एकेकीवर बसून बघतात, कुरकुरली की खूश होतात. घरची खुर्ची कुरकुरली असती तर सुताराच्या नावानं शंख केला असता. मग एक जण रंगमंचावर चढतो, दुसरा शेवटच्या रांगेत जातो, आणि वरचा कुजबुजतो. खालचा ओरडतो, आलं, आलं ऐकू! सगळ्यांना फार कौतुक त्याचं. पण कुजबुजतो काय, विचारा. ‘ऐकू येतंय का?’ एवढंच. कुणी तरी डोकं लावून एवढी इमारत उठवली, आणि यांना तिच्यात बोलायला काही सुचत नाही.

नाही हो, रागावलो नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही शिव्यासुद्धा अंगाई म्हटल्यासारख्या देता. आवाजच तसा आहे, काय करणार.

काय म्हणालात — प्रेक्षक? आलं, तेही आलं! इथला प्रेक्षक दर्दी आहे, असंच ना? तुम्हालाही सांगितलंच का कुणी तरी. मोठमोठे नट सांगत फिरतात — बाबांनो, प्रयोग करावा तर तिथे, तिथला रसिक नेमक्या जागी हसतो. हा घ्या तुमचा रसिक, तुमच्या शेजारी बसलाय, पायात चपला आहेत, एकीचा अंगठा तुटलाय. नेमक्या जागी मी हसायचो, साहेब. मी.

थट्टा नाही. मी पडदे ओढणाऱ्यांतला माणूस. एकदा विंगेत उभ्या उभ्या मला हसू फुटलं आणि माझ्यामागोमाग अख्खं थिएटर फुटलं. तेव्हाचे मॅनेजर बिलंदर. म्हणाले, उद्यापासून दोरी सोड आणि मधल्या रांगेत जाऊन बस. बसलो. ते गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, मी बसलेलाच. मंडळी मला हशेकरी म्हणतात — तोंडावर म्हणतात, मला काही वाटत नाही. सोपं वाटतं ना? मोठ्यानं हसून दाखवा बरं. लोक माना वळवून तुमच्याकडे बघतील आणि विनोद तिथेच मरेल. नाकातून सुरू करायचं. जसं काही आवरून धरलं होतं आणि निसटलं. की शेजारच्याचे ओठ सैल पडतात, त्याच्या पलीकडचीचे पडतात, आणि मग काय, दर्दी! माणूस तिकीट काढून येतो, अंधारात बसतो, त्याला कुणी बघत नाही — आणि तरी हसण्याआधी शेजाऱ्याकडे बघून घेतो, हसू का म्हणून. रडतानाही तेच. मी नाक ओढलं की पंधरा रुमाल बाहेर. मेंढरं हो, नुसती इस्त्री केलेली मेंढरं. बाहेर पडताना एकमेकांना म्हणणार, काय वातावरण असतं नाही इथे!

आता? आता बाहेर का बसलोय म्हणता? — बसलोय आपला. वारा बरा येतो.

आत माझी लेक काम करतेय. हो, सख्खी. नाही, नाही, कौतुक नका करू, तुम्ही कुठे बघितलंय तिला. तिनंच सांगितलंय, बाबा, मी रंगमंचावर असेन तेव्हा तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून बाहेर. ही मावशी होते नाटकात. भाचीकडे ‘उभ्या उभ्या’ येते, आणि मागून हमाल ट्रंका आणतायत, गाद्या आणतायत, पितळी हंडा आणतायत — आणि ही म्हणते, ‘मी काही राहायला आले नाही हं.’ तिथे हशा. इथे तो दर प्रयोगाला यायचा, थिएटर दणाणायचं. हिनं काय केलं, त्या हशापुरती जागा सोडायची सवय लावून घेतली. वाक्य टाकायचं, थांबायचं, हशा ओसरला की पुढचं. मग मंडळी गेली दौऱ्यावर. परक्या गावात हिनं वाक्य टाकलं आणि थांबली. हशा नाही. आत्ता येईल म्हणून अजून थांबली. तोंड अर्धं उघडं, एक हात हंड्यावर, समोर सगळे प्रेक्षक मख्ख — आणि पुढचं वाक्यच गेलं की हो डोक्यातून! दुसऱ्यांनी कसंबसं सावरलं. मग विंगेत कुणी तरी बोललाच, तुझ्या बापाला सोबत आणायचं होतंस. तोवर तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं मी नुसता हौसेनं मधल्या रांगेत बसतो — माझ्या बाबांना नाटकाचं भारी वेड, असं सांगायची मैत्रिणींना. घरी आली, पिशवी खाली ठेवली, भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, बाबा, मला चालता येत होतं की नाही तेही तुम्ही मला कळू दिलं नाहीत. आणि आत जाऊन कूकर लावला.

मी काय वाईट केलं, सांगा! लोक दगड आहेत, त्यांना पाझर फोडायला कुणी तरी लागतंच. परक्यांसाठी फोडला, पोटच्या पोरीसाठी नको फोडू? तर म्हणते, मी चांगली आहे का ते सांगा. तोंडावर विचारलं. आता बाप काय सांगणार? छान करतेस म्हणालो. कारण साहेब — म्हणजे तुम्ही परके, उद्या तुमचा रस्ता वेगळा — मला ठाऊकच नाही हो ती कशी आहे. तिचं वाक्य संपायच्या आधी मी नाक तयार ठेवून बसलेला. कधी ऐकलंच नाही. आणि माझं स्वतःचं हसू म्हणाल तर ते कधीच कामाला जुंपलं गेलं, बायको गंमत सांगायची तरी मी नाकातून सुरू करायचो आणि ती म्हणायची, पुरे, थिएटर नाही हे.

श्श. थांबा. तो आवाज ऐकलात, धप्पकन? ट्रंक. हमाल सामान आणायला लागले. ही दुसरी. हा हंडा — हंडा कळतो लगेच. आता म्हणेल. बोलू नका.

म्हणाली.

… काही नाही. बघा! ऐकलंत? काहीही नाही. सगळे आता शेजाऱ्याकडे बघत असतील, हसू का, हसू का. हे तुमचे दर्दी. अरे हसा की, मेल्यांनो, काय पैसे पडतात! नाही, आत नाही जात मी, शब्द दिलाय — नुसतं दार इतकंसं, बोटभर, आणि नाकातून एकदाच, कुणाला कळायचंही नाही — हात सोडा माझा. सोडा म्हणतो ना. ती उभी असेल तिथे हंड्यावर हात ठेवून —

थांबा. थांबली नाही ती. पुढे गेली! ‘पाणी आण गं,’ म्हणाली. जागाच सोडली नाही, सरळ ‘पाणी आण गं’ आणि बहुतेक ट्रंकेवर बसलीसुद्धा, कडी वाजली —

हे काय? हसतायत? ‘पाणी आण गं’ला? त्यात काय आहे हसण्यासारखं? तिथे विनोद नाही हो, तिथे आजवर कुणी हसलेलं नाही, मी नाही हसलो कधी! सुरू कुणी केलं? मधल्या रांगेतून आलं का? उजवीकडून? नाही… सगळीकडूनच. ती काय करतेय आत? काय करतेय तरी काय?

मी? मी कुठे हसतोय. खोकला आहे तो.

अजून थांबेनात, लेकाचे. अक्कल नाही ती नाहीच. — उठा साहेब, जा तुम्ही, कुठे जायचं तिकडे जा. काय विचारताय आता मला, गप्प राहा जरा. मला ऐकू द्या.