तेहेतीस वर्षं वीज, आता अकरा कंदील

अहो, त्या संडासाचं मागाहून सांगतो... आधी माझ्या खांबाचं ऐका! माझ्या शेतातला, विहिरीजवळचा विजेचा खांब. पोरानं त्याला नेसवलं. हो, नेसवलं! तुरखाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड करून खालपासून माझ्या डोक्यावर चार हात जाईल इथपर्यंत गुंडाळला, वर गोणपाटाची झालर लावली, आणि मला सांगतो, "आबा, पाहुण्यांना खांब दिसला की वातावरण बिघडतं." विजेच्या खांबानं वातावरण बिघडतं! आणि हे सांगतो कोणाला? मला! दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, दिवाळी नाही दसरा नाही, तेहेतीस वर्षं वीज बनवली मी... तेहेतीस वर्षं!

तुम्हाला सांगतो, आमचा भूपेंद्र आठ वर्षं पुण्यात कॉम्प्युटरवर. या पावसाळ्यात रजेवर आला तो परत जाईचना. पहूरजवळ आमचं तीन एकर आहे, तिथे म्हणे ग्लॅम्पिंग करतो. म्हटलं, हे कुठलं पीक? तर म्हणे, तंबूत राहायचं, पण थाटात. आणि ऑफ ग्रिड. म्हणजे? म्हणजे वीज नाही! अरे, गावात तासभर लाईट गेली तर आपण फोन करकरून त्या वायरमनचा जीव खातो, आणि तू ती नसल्याची जाहिरात करणार?

केली ना जाहिरात! प्रत्येक तंबूबाहेर लाकडाची फळी, वर रंगवलेलं, 'इथे काय अपेक्षा ठेवाल'. एक, इथे नेटवर्क नाही, स्वतःशी संपर्क साधा. आता स्वतःशी बोलणारा माणूस पूर्वी गावात एखादाच असायचा, आणि त्याला लोक जपून असायचे! दोन, अंघोळीचं पाणी बंबाचं, पण बंब पाहुण्यानंच पेटवायचा. का? तर तो अनुभव आहे. आणि तीन, संडास... काम झालं की वरून दोन वाट्या लाकडाचा भुसा टाकायचा. दोन वाट्या! मोजून! माझ्या आईनं जन्मात कधी कणीक मोजली नाही हो, आणि हा भुसा मोजतोय...

मी बोललो असतो. पण आमची ही, रत्ना, धुळ्याकडची. तिनं मला भिंतीशी गाठलं. "तोंड उघडं करशात ना, तं जेवाले भेटाव नही! पोऱ्या घर ऊना शे, त्याले राहू द्या!"

आता खरं सांगू? घरी आलेला पोरगा राहावा असं मलाही वाटत होतं. बाप आहे मी. आठ वर्षं हा पोरगा दिवाळीला दोन दिवस यायचा, त्यातला एक झोपेत जायचा. पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर विसरा. आणि त्याच शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. नूतन मॅडम आणि त्यांचे मिस्टर. या मॅडम मोबाईलवर लिहितात, आणि त्यांनी लिहिलं की लोक धावतात म्हणे. मॅडमना आवडलं तर भूपेंद्र इथे, नाही आवडलं तर सोमवारची गाडी. माझं पोरगं घरी राहणार की नाही, हे एक परकी बाई भुसा टाकून ठरवणार!

तर मॅडम आल्या. दिवसभर सगळं गोड. बंब पेटवताना मिस्टरांच्या भुवया जळाल्या, तरी म्हणे, "वॉव." पण दिवस मावळला, आणि मी पाहिलं, मॅडम हातात तो सोलर दिवा घेऊन संडासाकडे निघाल्या. दिवा कसला, काजवा! आभाळ आलेलं, दिवसभर ऊन नाही, दिवा दोन मिनिटांत मेला, आणि मॅडम केळीच्या सरीत घोट्यापर्यंत! म्हटलं, गेलं. हा अंधारच माझ्या पोराला पुण्याला पाठवणार. आपल्या शेतात पाहुणा ठेचकाळतो, आणि तेहेतीस वर्षं वीज बनवली मी, मी नुसता बघत बसू?

पुनमच्या हळदीला आणलेला हॅलोजन गोठ्यात पोराच्या नजरेआड पडून होता. आमची पुनम, थोरली. काढला. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून वायर ओढली, कुडाच्या आतून खांबावर चढवली. चिकटपट्टी मात्र सापडेना, विजेचं सगळं सामान पोरानं गावातल्या घरी नेऊन ठेवलेलं... तर मी प्रथमोपचाराच्या डब्यातली जखमेवरची पट्टी लावली. हसू नका! माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

त्या आठवड्यात शेतीची लाईट संध्याकाळी सातला यायची. बरोब्बर सातला हे सगळे अंगणात भरीत-भाकरी घेऊन बसलेले, आणि भूपेंद्र हळू आवाजात सांगतोय, "आता डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या..."

भक्कन!

अहो, काय तो उजेड! लग्नाचा मांडवच! सगळं दिसलं. भुशाची पोती दिसली, संडासामागचं निळं प्लास्टिक दिसलं, आमची म्हैस दिसली. त्यात शेजारी लोटनभाऊची मोटर सुरू झाली, मोटरीबरोबर त्याचा गाण्यांचा डबाही सुरू. आणि किडे! कार्तिकातले किडे हो, पहूरपासून जामनेरपर्यंतचे बठ्ठे आले असतील, थेट भरतात! मॅडम किंचाळल्या. मिस्टर ताटासकट उठले. भूपेंद्र ओरडला, "आबाऽऽ! अहो, ते अंधारासाठी आलेत!" आणि तेवढ्यात... फट्ट! माझी पट्टी जळाली, फ्यूज उडाला, पुन्हा सगळं काळं. आणि आधी होता तो अंधार बरा म्हणायचा, आता तर डोळेच दिपलेले!

रडण्याचा आवाज आला. मला वाटलं मॅडम. तर रत्ना. "गया मन्हा पोऱ्या..." ती एवढंच म्हणाली, आणि तुम्हाला सांगतो, मला स्वतःची लाज वाटली.

तंबूच्या दाराशी एक कंदील टांगलेला होता, शोभेचा. काढला. लाईट नसली की चालवायच्या इंजिनाचं डिझेल घातलं, वात कात्रीनं सरळ केली, राखेनं काच पुसली, लावला. आणि मॅडमच्या पुढे झालो. म्हटलं, "घाबरू नका पोरी. माझ्या मागे या. इथे सरी आहे, इथे दगड आहे." तंबूपर्यंत सोडलं. त्यांनी मागून माझा फोटो काढला, तो मला कळलाही नाही.

सकाळी विहिरीच्या काठावर चढून, तिथेच काय ती रेंज मिळते, मॅडमनी तो फोटो टाकला आणि लिहिलं. हॅलोजनचं खापर पोरानं लोटनभाऊवर फोडलेलंच होतं. आणि मॅडमनी काय लिहिलं, ऐका! 'इथे एक प्रेमराज आबा आहेत. विजेचा मोह आयुष्यात कधीच न शिवलेला एक निर्मळ शेतकरी...'

मोह शिवला नाही! तेहेतीस वर्षं वीज बनवली मी... अहो, तेहेतीस वर्षं!

होळीपर्यंत बुकिंग फुल्ल आहे. सगळे विचारतात, कंदीलवाले आबा आहेत ना? पोरगा राहिला. रोज समोर बसून जेवतो, आईला बाजरीची दुसरी भाकरी मागतो. मग आपण काय बोलायचं?

चला, उठतो. दिवस कलला, अकरा कंदील पुसायचेत. त्याआधी धोतर नेसायचंय, तेही पोरानंच आणलंय. दीपनगरला कायम पॅन्ट घातली हो, धोतर सुटतं सारखं... आणि हे तुमच्याजवळ बोललो ते तंबूकडे कोणाला सांगू नका. पाहुण्यांसमोर दीपनगरचं नाव काढायची मला बंदी आहे.

वातावरण बिघडतं म्हणे.