पाहुण्यांचं नेटवर्क

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, घरच्या वायफायला तुमची ती राखणदार फायरवॉल बसवल्यापासून माझ्या फोनवरून प्रिंटर चालत नाही."

"थांब, इथूनच फोनवरून व्हीपीएनच्या चोरवाटेने घरच्या नेटवर्कमध्ये शिरून बघतो. व्हीलॅन करून मी नेटवर्कचे दोन भाग पाडलेत, घरच्यांचा आणि पाहुण्यांचा. पाहुण्यांना प्रिंटर दिसत नाही."

"मग मी कुठल्या भागात?"

"पाहुण्यांच्या... चुकून गं!"

"आणि तुमच्या ताई?"

"ती घरच्यांत."

"अस्सं!"

"चिडू नकोस, आत्ता घेतो तुला आत... अरेच्चा! व्हीपीएनचा रस्ताच बंद करून बसलो मी."

"म्हणजे आता तुम्हीही बाहेर!"

शिक्षिकेने हसू दाबलं, तसा गाल ठणकला.

"पुढचे कोण?" नर्सने विचारलं.

"हे," बायकोने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि यांना भूल देऊ नका."