सिपोराबाईंचे सव्वीस दात

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. लाजायचं नाही, मोठ्यानं उत्तर द्यायचं! आपण मागू ते देणारा मोठा — की तोंडावर 'नाही' म्हणणारा मोठा?

काय म्हणालात? देणारा? अहो, तुम्ही तेच म्हणणार! 'नाही' म्हणणारा कुणाला आवडलाय आजवर? नवऱ्यानं साडीला 'नाही' म्हटलं की त्या दिवशी आमटीत मीठ नसतं! हसू नका वहिनी, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. तुम्हीच हसून नाव सांगताय! बरं, प्रश्न राहू द्या तसाच. आता ऐका.

आपल्या आख्यानाची नायिका आहे सिपोराबाई झिराडकर. नाव वेगळं वाटलं ना? बेने इस्रायली बाई, म्हणजे ज्यू. पण परकी नव्हे हं! आपल्याच अलिबागची. पिढ्यान्‌पिढ्या शेजाराला राहिलेली ही माणसं — बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, फक्त घरात मूर्ती नाही आणि शनिवारी चूल नाही. शनिवार म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस. तर ही सिपोरा चोवीस वर्षांची असताना नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. डिमोना म्हणून गाव आहे तिकडं, वाळवंटातलं. तिथं कापडाच्या कारखान्यात राबली, तीन मुलं वाढवली, नवऱ्याची शेवटपर्यंत सेवा केली. आता वय सत्तर. सगळं काही झालं, पण मंडळी, एक गोष्ट गेली — हसू गेलं!

कसं गेलं? अक्रोडानं नेलं! अडकित्ता होता हो घरात, पण उठतंय कोण? घातला अक्रोड दाताखाली — कट्ट! फुटलं काय, अक्रोड? छे! पुढचा दात! तिरका तुटला. मग आणखी दोन-तीन किडले, बाकीचे पिवळे दिसायला लागले आणि बाईंना सवय लागली. हसू आलं की हात तोंडावर! फोटो काढायचा की हात तोंडावर! नातवंडं म्हणायची, आजी, तुला खोकला झालाय का?

आणि त्यात शेजारणीनं घात केला. शोशाना तिचं नाव. ती गेली कुठल्याशा परदेशात आणि अख्खी नवी कवळी पक्की बसवून आली. पांढरीशुभ्र! आता शोशाना कशालाही हसते. भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी हसते! सिपोराबाईंच्या काळजाला घरं पडली. तिकडच्या डॉक्टरकडे चौकशी केली, तर त्यानं सांगितलेला खर्च ऐकूनच उरलेले दात हलायला लागले.

मग तिनं फोन लावला इकडं, मंदाला. मंदा पाटील, शाळेतली मैत्रीण. एका बाकावर बसणाऱ्या.

"मंदे, माझे दात गेले गं बाय."

"सगळे?"

"नाही गं, पण जायला हवेत! सगळे काढायचेत आणि नवे बसवायचेत. तुझ्याकडे कुणी आहे का चांगला?"

"माझ्या नणंदेचा मुलगा आहे की! निनाद. डॉक्टर निनाद राऊत. पण एवढ्या लांबून दातांसाठी येणार तू?"

"विमानाचं तिकीट धरूनसुद्धा परवडतं, विचारून ठेवलंय मी. शिवाय तुझ्या हातची आंबोळी खाईन."

"दात काढल्यावर?"

"आधी खाईन ना, शहाणे!"

आली बरं का! बारा दिवसांनी परतीचं तिकीट. दुसऱ्याच दिवशी मंदा तिला घेऊन गेली निनादच्या दवाखान्यात. छोटासा दवाखाना, खाली किराणा, वर हा. निनाद म्हणाला, "बसा मावशी. आ करा."

मंडळी, चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं त्या पोरानं तिच्या तोंडात बघितलं. एकेका दातावर टकटक केलं. इथं दुखतं का? इथं गार लागतं का? फोटो काढला, उजेडात धरून बघितला, परत 'आ करा'! बाईंचा जबडा अवघडला. शेवटी तो खुर्ची सरकवून समोर बसला.

"मावशी, सव्वीस दात आहेत तुम्हाला. बावीस ठणठणीत. चार बिघडलेत, त्यातला एक पुढचा, तुटका. हे चार आपण वाचवू. तुटक्याला टोपी बसवू, बाकीचे स्वच्छ करू. आठवडाभरात मोकळ्या तुम्ही."

"अरे, मला बावीससुद्धा नकोत! सगळे काढ आणि पांढरे बसव."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, मावशी. चांगले दात मी काढणार नाही."

"चार हजार किलोमीटरवरून आलेय मी!"

"चंद्रावरून आलात तरी नाही."

"दात माझे आहेत ना?"

"तुमचे आहेत म्हणूनच! माझे असते तर एकदा विचार केला असता. एकदा काढला की तो परत लावता येत नाही. आणि नवे बसवले तरी पुढं कित्येक महिने मऊ-मऊ खायचं, जपून चावायचं. कशासाठी? आहेत ते उत्तम आहेत!"

बघा! स्वतःच्या पायांनी चालत आलेलं गिऱ्हाईक, परदेशचं! पोरगं म्हणतंय नाही! तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा! आमचे पेटीवाले तात्या बघा कसे खाली बघतायत. तात्या, तुम्ही असता तर शेजारच्याचे सुद्धा काढले असते!

सिपोराबाई तणतणत बाहेर पडल्या. रस्ताभर बोलणं चालू — "उद्धट आहे तुझा भाचा! दोन अक्षरं काय शिकला, मला शिकवतो!" आणि मंदाच्या ओटीवर आल्यावर बाई रडली हो. सत्तर वर्षांची बाई लहान मुलीसारखी रडली. मंदा म्हणाली, "अगं, दात चांगले आहेत म्हणाला ना? मग रडतेस काय?"

"तुला नाही कळायचं मंदे. तू मोकळी हसतेस. मी अकरा वर्षं हसले नाही. नातीच्या लग्नात सगळे नाचत होते, मी हात तोंडावर धरून कोपऱ्यात. मला परत तसं जायचं नाही. तशी गेले तर मरेपर्यंत तशीच राहीन."

हे दुःख खरं होतं, मंडळी. त्याला हसायचं नाही. चूक कुठं होती? तिला हवं होतं हसू, आणि ती मागत होती कवळी! आपलं दुखणं खरं असतं, पण त्यावरचं औषध आपणच ठरवून मोकळे होतो. तिला कुठं ठाऊक, की आपण आपलेच बावीस चांगले दात उपटून घ्यायला निघालोय!

मग काय? डॉक्टर बदलला! गाडी केली आणि दोघी गेल्या मोठ्या शहरात. कुठला दवाखाना ते विचारू नका. काचेचा दरवाजा, आत गारेगार, दारात मुलगी हात जोडून उभी. कॉफी आली. बिस्किट आलं. सूटबूट घातलेले डॉक्टर आले. सिपोराबाई म्हणाल्या,

"मला सगळे काढायचेत."

"हो मॅडम!"

"सगळे पांढरे हवेत."

"हो मॅडम!"

"शनिवारी मी काही करून घेत नाही."

"हो मॅडम!"

"बारातले तीन दिवस गेलेत माझे."

"आम्ही पाचात करू, मॅडम!"

आहाहा! काय गोड माणूस! एकदाही 'नाही' नाही! मग त्यानं रंगांची पट्टी काढली. कासार बांगड्या मांडतो ना, तसे दात मांडलेले. पांढऱ्याचे सोळा प्रकार! सिपोराबाईंनी सगळ्यांत पांढरा निवडला. शोशानापेक्षा दोन घरं पुढचा! मंदानं कोपरानं ढोसलं, "अगं, निनाद म्हणाला होता..." "गप्प बस तू!"

कागद पुढं आला. इथं सही करा, इथं सही करा, आणि आत चला, खुर्ची तयार आहे. उजव्या हातात पेन घेतलं. आणि सही करताना कागद सरकायला लागला, म्हणून धरायला डावा हात पुढं करायला गेली...

डावा हात कुठं होता, मंडळी?

तोंडावर!

तासभर तोंडावरच होता! सवयीचा हात तो. तासाभरात कॉफीचा घोट घेण्यापुरता खाली आला असेल, की परत वर! कॉफी विचारली, रंग विचारला, विमान कधीचं ते विचारलं. पण 'बाई, जरा हात काढा, आ करा' — एवढं एका माणसानं म्हटलं नव्हतं! तोंड न बघता तोंडाचा सौदा झाला होता!

सिपोराबाईंनी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, एक सांगा. मला दात किती आहेत?"

डॉक्टरांनी कागद चाळले. "अं... मॅडम... बत्तीस."

"सव्वीस!" बाई उठून उभ्या राहिल्या. "सव्वीस आहेत! मोजून सांगितलेत मला एका पोरानं! तुम्ही बत्तीस काढणार होतात, वरचे सहा काय या मंदाचे काढणार होतात?"

मंदानं पटकन स्वतःचं तोंड मिटलं! आणि दोघी जिना उतरल्या. लिफ्टसाठी सुद्धा थांबल्या नाहीत.

संध्याकाळी निनादच्या दारात उभ्या. मंडळी, इथं त्या पोराचं मोठेपण बघा. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं एक अक्षर बोलला नाही. आपण सोडलं असतं का? जन्मभर ऐकवलं असतं! तो एवढंच म्हणाला, "बसा मावशी. आ करा."

शुक्रवारी काम सुरू झालं. तो म्हणाला, उद्या पुढचं करू. सिपोराबाई म्हणाल्या, "शनिवारी नाही." "बरं," म्हणाला, "मग रविवारी दवाखाना उघडतो." जो दुसऱ्याला नाही म्हणतो ना, त्याला दुसऱ्याचं 'नाही' ऐकूनही घेता येतं! रविवारी उघडला, सोमवारी उघडला. कीड काढली, मुळं साफ केली, तुटक्या दाताला टोपी बसवली, बाकीच्यांवरची वर्षावर्षांची पुटं काढली. आणि विमानाच्या आदल्या दिवशी हातात आरसा दिला.

बाईंनी बघितलं. शोशानासारखे पांढरे? छे! सत्तर वर्षांच्या बाईचे सत्तर वर्षांचे दात. जरासे पिवळसर, स्वच्छ, रांगेत.

"अय्या," त्या म्हणाल्या, "हे तर माझेच!"

आणि हसू फुटलं! हात उठला, अर्ध्यावर आला... आणि खाली गेला. अकरा वर्षांचं साचलेलं हसू ते! खालच्या किराणावाल्यानं वर येऊन विचारलं, काय झालं? मंदा डोळे पुसत म्हणाली, "काही नाही हो. आमची सिपी परत आली."

त्याच दुपारी मंदाच्या ओटीवर बाईंनी मलिदा केला. त्यांच्याकडं आभार मानायची रीत आहे ती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नवसाला पावणारा त्यांचा प्रेषित एलियाहू नबी, त्याचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांना वाटायचं. निनादच्या हातावर पहिला घास. तो म्हणाला,

"मावशी, नवस फेडताय होय? कधी बोलला होतात?"

सिपोराबाई खोबऱ्याचा तुकडा कचाकचा चावत म्हणाल्या, "बोलले नव्हते रे बाळा. तेच बरं झालं! बोलले असते तर कवळी मागितली असती, आणि तो पावला असता तर?"

मंडळी! 'तो पावला असता तर?' जरा थांबा या वाक्यापाशी!

आता सांगा, मोठा कोण? आता कसे गप्प! अहो, 'हो' म्हणायला काय लागतं? तोंडसुद्धा बघावं लागत नाही! 'नाही' म्हणणाऱ्याला आधी आत डोकावावं लागतं, एकेक मोजावं लागतं, आणि मागणाऱ्याचा राग अंगावर घ्यावा लागतो. पोटात माया असल्याशिवाय हे जमत नाही कुणाला.

आणि तुम्ही काय करता? मी तुमच्याबद्दल बोलतोय, मागं वळून बघू नका! देवळात येता ती यादी घेऊन येता. पोराला हीच नोकरी, पोरीला हेच स्थळ, आणि अमक्या तारखेच्या आत! देवानं 'नाही' म्हटलं, की लगेच म्हणता हा देव पावत नाही. चला दुसऱ्या देवळात! डॉक्टर बदलता! मीही बदललेत, खोटं कशाला बोलू? आज मागं वळून बघतो, तर न मिळालेल्या चार गोष्टींनीच मला वाचवलंय. तुम्हीही मोजा घरी जाऊन. निघतील, तुमच्याही निघतील.

तो तुम्हाला तपासायला बसलाय हो, आणि तुम्ही त्याला रंग निवडून दाखवताय! आज एवढंच करा. मागणं राहू द्या, यादी खिशात घाला. तात्या, सूर द्या! आता तोंडावरचा हात काढा सगळ्यांनी. लाज नको, संकोच नको, दात असोत-नसोत, मोठ्यानं त्याचं नाव घ्या. अहो, तोंडच उघडलं नाहीत, तर त्याला तुमच्या आतलं दिसायचं कसं?