सुटकेआधी

व्हायला गावच्या इस्पितळात, नंबर यायची वाट बघणाऱ्या नोरीनच्या शेजारच्या बाकावर दोघं बहीणभाऊ बसले होते.

“ट्रेंट, आईनं आजही दुखणं थांबवायची सुई घेतली नाही. गुंगीत जीव जाईल म्हणते. दिवाळखोरीतून सुटलास का, विचारत होती.”

“पगाराची तपासणी झाली, ताई. कोर्टवाले अडचण नाही म्हणाले. पण सुटका पुढच्या महिन्यातच होणार.”

“त्याआधी ती गेली, तर तिनं मृत्युपत्रात तुला दिलेलं घर घेणेकरी नेतील. म्हणून तर जीव धरून बसलीय.”

“फार दुखतंय?”

“चादर दातांत धरते रे.”

ट्रेंट उठला.

“कुठे निघालास?”

“सुटलो म्हणून सांगतो तिला.”

“अरे, मग ती थांबायची नाही. घर जाईल.”

“ठाऊक आहे गं.”

नोरीननं पाय आवरून त्याला वाट दिली.