चुन्याचं कडं

बस रे बाबल्या. गाडीची चावी खिशात ठेव. राईच्या वाटेनं घर जवळ पडतं, माहीत आहे मला. तरी आज वरच्या कातळावरून, सड्यावरून वळसा घालून जा. हसतोस? हस. आधी ऐक, मग हस. ऐका रे सगळे, आगीजवळ सरका.

उत्तम फोटोवाला आठवतो ना? गवसांचा उत्तम. लग्नात नवरीला हनुवटी वर कर म्हणताना स्वतःच लाजायचा, तो. तेव्हा आपली राई उभी होती. उभी म्हणजे कशी, तर भर दुपारी आत शिरलं की अंधाराची सवय व्हायला वेळ लागायचा. किंजळ, सुरंगी, हेळा. आणि मधोमध ती थोरली सातवीण.

वाद लागला, की हे जंगल की नुसती जमीन. जंगल ठरलं तर वाचेल, नाहीतर ठेकेदार सगळं पाडणार. सुनावणीचे साहेब म्हणाले, मोठ्या झाडांचे फोटो आणा, प्रत्येकाचा वेगळा. गावानं उत्तमला गळ घातली. एक झाड दोनदा येऊ नये म्हणून त्यानं काय केलं, तर झाडाला चुन्याचं कडं काढायचं, मग फोटो. कडं दिसलं की ते झाड झालं. आम्हीच त्याची पाठ थोपटली.

सातवणीपाशी पोचला आणि चुना संपला. तिचा फोटो मागाहून काढू म्हणाला.

आणि एक राहिलं. राईत जाताना तोंडाशीच्या धोंड्यावर राखणदारासाठी, राई राखणाऱ्या त्या न दिसणाऱ्यासाठी, पान-तंबाखू ठेवायची, बोटभर चुना ठेवायचा. आपले बापजादे ठेवायचे. उत्तमनं सगळा चुना झाडांना लावला. राखणदाराचा राहिला.

पुढं ऐका. एका संध्याकाळी उत्तम बाजारातून येतोय, समोरून लाकडांचा ट्रक आला. बघतो तर ओंडक्यावर पांढरं कडं. त्याच्याच हातचं.

झालं होतं असं. ठेकेदाराला राईच्या कडेची वाळलेली झाडं पाडायची परवानगी होती. माणसं बाहेरगावची. त्यांना सांगितलेलं, वाळलेल्या झाडांना चुन्याची खूण केलीय, चुना दिसेल ते पाडा. ती आत शिरली, तर जिकडं बघावं तिकडं चुना. ठेकेदाराला कळलं नसेल? कळलं असेल. पण तो कशाला बोलतोय.

उत्तम घरी आला. कळशीभर पाणी घेतलं, फडकं घेतलं, बॅटरी घेतली. आई म्हणाली, सकाळी जा. तो म्हणाला, सकाळी मशीन सुरू होईल. आणि निघाला. एकटाच. आम्हाला एक हाक मारायची होती, तर तिथंही लाजला. आपलीच चूक, सांगायची कुणाला?

पहिल्या झाडाशी चपला काढल्या. कडं घासून पुसलं. पुढं गेला. दुसरं पुसलं. मागं कुणीतरी खाकरलं.

"चुना आहे का?"

त्याला वाटलं, मशीनवाल्यांचा राखण्या असेल. संपला म्हणाला, पुढं गेला. तिसरं पुसलं. चौथं पुसलं. हात भरून आले. किती झाडं झाली, मोजदाद राहिली नाही. मग एका झाडाच्या मुळाशी बॅटरी मारली. तिथं चपला. त्याच्याच.

चकवा, दुसरं काय! इतका वेळ एकच झाड पुसत होता तो. पुसायचा, फिरायचा, परत तिथंच यायचा. आणि बुंध्यावर कडं होतं तसं. ओलं. पांढरं.

पुन्हा खाकरणं. आता अगदी मानेपाशी.

"चुना आहे का?"

"नाही हो. संपला."

"एवढ्या झाडांना लावलास. माझ्यापुरताच नाही?"

आणि पाठीवर बोट टेकलं. गार. बोट फिरत गेलं, गोल. उत्तम वळला. कुणी नाही. पाचोळासुद्धा वाजला नाही.

मग मशीन सुरू झालं. लाकूड कापायचं मशीन, काळोखात, माणूस नाही, दिवा नाही. तो डावीकडं पळाला, आवाज डावीकडं. उजवीकडं पळाला, आवाज उजवीकडं. झाडांना सोडून आवाज त्याच्याच मागं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पाठीवर काय काढलंय ते. शर्ट ओरबाडून काढला आणि भिरकावला, कुठं ते बघितलंही नाही. आवाज बंद. तो पळत सुटला, तो माझ्या अंगणात येऊन पडला. उघडा, अनवाणी. उजाडता उजाडता त्यानं सगळं सांगितलं.

दिवस वर आल्यावर त्याला घेऊन आम्ही राईत गेलो. सातवीण आडवी झाली होती. कधी बोटभर चुना न लागलेली सातवीण. तिच्या खोडाला फांदीचा एक खुंट होता, त्यावर उत्तमचा शर्ट. पाठीवरचं कडं वर.

मशीनवाल्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "खूण होती, पाडलं. आमचं काय चुकलं?"

त्या दिवशी आम्ही मशीन अडवलं. म्हटलं, सुनावणीत बघू. सुनावणीत टेबलावर फोटो मांडले. काय फोटो होते! साहेबसुद्धा बघत राहिले. ठेकेदाराचा वकील उठला आणि म्हणाला, साहेब, नीट बघा, प्रत्येक झाडावर कडं आहे. गावच्याच माणसानं पाडायला खूण केली. हात कुणाचा, विचारा.

उत्तम उभा राहिला. "माझा," म्हणाला. आणि खाली बसला. आम्ही ओरडलो, पण गावकऱ्यांचं कोण ऐकतो.

उरलेली राई रीतसर पडली. फोटो अजून त्या ऑफिसात असतील, धुळीत. त्यात सगळी झाडं आहेत. सातवीण तेवढी नाही. उत्तमनं गाव सोडलं. आता नवरीला हनुवटी वर कर म्हणायला दुसरा कोणी येतो.

काय म्हणतोस बाबल्या? तिथं आता एक झाड नाही, मग भूत राहणार कुठं?

अरे, तेच सांगतोय. राखणदार कुठं गेला नाही. राखायचं गेलं. त्या उघड्या माळावर अजून मागून खाकरणं येतं, चुना आहे का म्हणून. आणि कडं काढायला तिथं झाड उरलेलं नाही. वाटेनं जाणारा माणूस, तेवढाच काय तो उभा असतो.

जा. सड्यावरून जा.