गोळी माझी आहे हो

…आणि वर मलाच विचारतो, "भाभीजी के लिए?" केमिस्ट हो, इथला पंजाबातला, आमच्या खरड गावातल्या सोसायटीखालचा! तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वर्षांच्या माणसानं थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठी पुढे केली तर ती त्याच्या बायकोचीच, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण मीही शूर… म्हटलं, "हां जी." कारण मागे शेजारच्या ढिल्लों आंटी उभ्या, आणि थायरॉइड तर बायकांना होतो.

बरं, मला होत काय होतं? थकवा, मे महिन्यात स्वेटर, आणि रात्री… कसं सांगू… रात्री बायकोकडे, रागिणीकडे पाठ. मन नाही, शरीर साथ देत नाही. आठ महिने! ती बिचारी आधी नटली, मग भांडली, मग गप्प झाली, आणि एक दिवस बॅग भरून माहेरी सांगलीला गेली. नंतर डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणतात, "इसी से है जी, गोली लो, कुछ महीनों में फ़र्क पड़ेगा." एवढंच? मी स्वतःला संपलेला समजत होतो आणि हा गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीचा खेळ? म्हटलं, "पर थायरॉइड तो लेडीज़ को…" "किसने कहा?" आता कुणाकुणाची नावं घेऊ?

रागिणीला सांगायचं ना मग? रोज फोन करायचो, "जेवलीस का" विचारायचो, ठेवायचो. घर इतकं खायला उठायचं की कुकरची शिट्टी झाली तरी सोबत वाटायची.

शेवटी आंटींनीच तिला फोन केला. "थायरॉइड है ना, पत्तागोभी मत खाना." पाचव्या मिनिटाला रागिणीचा मला फोन, "मला थायरॉइड झालाय म्हणे?" मग सांगितलं सगळं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुला नकोशी झाले नव्हते?" म्हटलं, "नाही गं."

"मग आधी आंटींना खरं सांग. माझ्या नावाआड लपणं थांबव, मग येते."

गेलो. लिफ्टपाशी चार बायकांसमोर सांगून टाकलं, "आंटीजी, गोली मेरी है. बीमारी मेरी है." आंटींनी डोळ्यांना चुन्नी लावली. "वेखो जी, वहुटी दी बिमारी अपने सिर लै लई!" म्हणजे बायकोचं दुखणं मी माझ्या माथी घेतलं म्हणे! अहो, रिपोर्ट दाखवला, तर म्हणतात, "नाम भी अपना लिखवाया!" कारण थायरॉइड तर बायकांना होतो.

संध्याकाळी रागिणीनं विचारलं, "पटलं त्यांना?"

काय सांगणार… आख्ख्या सोसायटीत आदर्श नवरा म्हणून नाव झालंय, आणि घरी भात अजून एकट्यापुरताच लावतोय.